रंगांच्या डब्यांआधी: गावात कलेतून शिकवायला जाताना

गावात शिक्षणाच्या कामाला कलाकार म्हणून जायचं ठरलं की पहिला फोन तिथे शिकवणाऱ्या बाईंना किंवा गुरुजींना करा. "काय रंगवू?" हे नंतर, आधी विचारा, "मुलं कुठे अडतात?" हातच्याची वजाबाकी, जोडाक्षरं, घड्याळ, नकाशा, जे उत्तर येईल तो तुमचा विषय. त्याच बोलण्यात भिंत कोणाची, परवानगी कोण देणार, परीक्षा कधी आहेत आणि मोठी माणसं कामातून किती वाजता मोकळी होतात, तेही विचारून घ्या. घरी कोणती भाषा बोलतात हे तर नक्कीच विचारा. पुस्तकातला शब्द आणि घरचा शब्द वेगळा असेल तर चित्राखाली दोन्हींना जागा ठेवा.

जमलं तर महिनाभर आधी एक फेरी मारा, फक्त वही आणि पेन्सिल घेऊन. समोर दिसेल ते काढा आणि काढलेलं लोकांना दाखवा. मी एकदा शेळी काढत बसलो होतो. शेजारी उभी असलेली मुलगी म्हणाली, "आमच्या शेळीचे कान असे उभे नसतात." मी पेन्सिल तिच्या हातात दिली. तिने दोन रेघांत कान खाली पाडले आणि पोटाशी एक पिल्लूही काढलं. पुढे भिंतीवर तीच शेळी गेली.

आराखड्यासोबत प्रत्येक चित्रावर विचारायचे तीन-चार प्रश्न लिहून न्या. ब्राझीलमध्ये 1960च्या दशकाच्या सुरुवातीला पाउलो फ्रेअरे या शिक्षणतज्ज्ञांनी प्रौढ साक्षरतेच्या कामासाठी फ्रान्सिस्को ब्रेनांद या चित्रकाराकडून चित्रं काढून घेतली होती. अक्षरांच्या आधी चित्र समोर यायचं आणि विहीर कोणी खणली, कशासाठी खणली, अशा प्रश्नांवर माणसं बोलू लागायची. आपल्या चित्रावर असा एकही प्रश्न सुचत नसेल तर ते कितीही देखणं असलं तरी बदला, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता भिंत. नवा सिमेंटचा गिलावा असेल तर रंगाआधी 28 दिवस जाऊ द्या. जुन्या भिंतीची ओल तपासायला दीड फूट चौरस प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि किमान 16 तासांनी काढून बघा. आतून थेंब जमले असतील किंवा तिथला गिलावा काळपट पडला असेल तर ती भिंत सोडा, नाहीतर ओल कुठून येते ते आधी शोधा. तळहात फिरवल्यावर पांढरी पूड लागली तर ते क्षार आहेत. ते कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतले की विरघळून पुन्हा भिंतीत मुरतात आणि काही दिवसांत रंगाचे पोपडे निघतात.

रंग पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक घ्या. जिथे मुलं बसतात तिथे ऑइलपेंट आणि टर्पेंटाइनचा वास कोंडू नये. डब्यावर शिसंविरहित असल्याचं लिहिलेलं बघूनच घ्या, पिवळा, नारिंगी आणि लाल घेताना तर विशेष. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. याच कारणासाठी जुना रंग कोरडा घासू नका. ओला करून खरवडा आणि तेवढा वेळ मुलांना लांब ठेवा. बाकी सामान नेहमीचंच: प्रायमर, लहान-मोठे ब्रश, मास्किंग टेप, खडू, कोळसा, सुतळी, ओळंबा, चिंध्या, दोन बादल्या आणि न डुगडुगणारी शिडी. ब्रश धुतलेलं पाणी विहिरीत किंवा ओढ्यात जाणार नाही याची सोय आधीच बघून ठेवा. ते बादलीत रात्रभर ठेवलं की गाळ बराचसा तळाशी बसतो.

अक्षरांचं माप घरूनच ठरवून न्या. वाचणारा जितका लांब उभा असेल त्या अंतराच्या दर 10 फुटांना अक्षराची एक इंच उंची हा ढोबळ हिशेब मोठ्यांसाठी ठीक आहे, नुकतं वाचायला लागलेल्यांसाठी दुप्पट धरा. वाचायचा मजकूर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा, त्यामुळे निम्मं काम गुडघ्यांवर बसून करावं लागेल. चित्राखाली फळ्याच्या काळ्या रंगाचा पट्टाही सोडा. तिथे मुलं रोज नवं काहीतरी काढतील.

कोणत्याही मुलासोबत बंद खोलीत एकटं थांबायचं नाही, गावातलं एक मोठं माणूस सोबत हवंच. फोटो पालकांना विचारून काढा आणि तो कुठे दाखवणार तेही सांगा.

शेवटचा दिवस रंगकामासाठी धरूच नका. तो शिक्षकांसोबत चित्रावर एक तास घेऊन बघण्यासाठी आहे. उरलेला प्रत्येक रंग घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा, तो भिंतीच्या कोणत्या भागाचा आहे ते बाटलीवर लिहा आणि दोन ब्रशांसह बाईंच्या कपाटात ठेवून या.