पहिल्याच वर्षी कुठं कुठं जायचं : गावाकडून कॉलेजात आलेल्यांसाठी

बारावीनंतर मी माण तालुक्यातून पुण्याला शिकायला आले, तेव्हा आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेलं कुणी नव्हतं. बी.एस्सी. झालं, संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालं आणि आता औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी तपासणाऱ्या एका कंपनीत काम करते. या वाटेवर कॉलेजनं मला पुष्कळ दिलं, पण जे दिलं ते मागायला गेल्यावर दिलं. दर जुलै-ऑगस्टमध्ये गावाकडच्या नव्या मुलामुलींचे फोन येतात, "ताई, जरा मार्गदर्शन करा." त्यांना मी आधी हेच सांगते की मार्गदर्शन मागू नका, प्रश्न विचारा. "शिष्यवृत्तीचं काय?" असं विचारलं की समोरचा "वेबसाइट बघ" म्हणून मोकळा होतो. "माझा अर्ज क्लार्कच्या लॉगिनला अडकलाय, उत्पन्नाचा दाखला यंदाचा जोडलाय, तरी परत आलाय, काय कमी आहे?" असं विचारलं की तोच माणूस चष्मा लावून तुमचा अर्ज उघडतो. कॉलेजातल्या सगळ्या खिडक्यांवर मला हाच अनुभव आला.

सुरुवात पैशांपासून करते, कारण बहुतेकांचं शिक्षण तिथंच अडतं.

महाराष्ट्रात राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचे असतात. भरला म्हणजे झालं, असं समजू नका. अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्ककडे जातो, मग प्राचार्यांच्या लॉगिनला आणि तिथून संबंधित विभागाकडे. कुठल्याही टप्प्यावर त्रुटी निघाली तर तो तुमच्याकडे परत येतो आणि मुदतीत दुरुस्त केला नाही तर वर्ष हातचं जातं. म्हणून आठवड्यातून एकदा लॉगिन करून स्टेटस बघायची सवय लावा. मेसेज येईल म्हणून थांबू नका.

सगळ्यात जास्त मुलं कुठं अडकतात सांगू? बँक खात्यात. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. शाळेत असताना गावच्या बँकेत काढलेलं खातं आधारला जोडलेलं असतं, पुण्यात आल्यावर दुसरं काढलं जातं, गावचं खातं व्यवहार नसल्यामुळं बंद पडतं, आणि मंजूर झालेली रक्कम मधेच लटकते. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे पैसे असेच लांबले. त्याला कॉलेजातून बँकेत आणि बँकेतून कॉलेजात असं फिरवत ठेवलं होतं. शेवटी बँकेतल्या एका बाईंनी संगणकावर बघून सांगितलं की आधार तिसऱ्याच बँकेला जोडलेलं आहे. तेव्हा प्रवेश घेतल्याबरोबर आपल्या आधारशी कुठलं खातं जोडलंय ते तपासा. आधारच्या संकेतस्थळावर ते दिसतं.

कुठल्या योजना आहेत, हे नोटीस बोर्डावर सहसा नीट कळत नाही. खुल्या प्रवर्गातल्या, वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या कुटुंबांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे, मुख्यतः व्यावसायिक अभ्यासक्रमांना. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून पुण्या-मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम आणि ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना अशाच धर्तीवर आहेत. आणि मुलींनो, २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, शासन पूर्ण भरतं. हे माहीत नसल्यामुळं घरच्यांनी इंजिनिअरिंगऐवजी जवळच्या कॉलेजला घातलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्याचं मला फार वाईट वाटतं.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला आणि वैधता, रेशनकार्ड, मागच्या वर्षाची गुणपत्रिका, गॅप असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र, हे सगळं स्कॅन करून फोनमध्ये एका फोल्डरमध्ये ठेवा. दाखल्यासाठी परत गावाला जायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि बुडालेली प्रॅक्टिकलं.

शिष्यवृत्ती येईपर्यंत रोजच्या खर्चाचं काय, याला माझ्यापुरतं उत्तर होतं कमवा व शिका. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ही योजना कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावानं चालते आणि संलग्न कॉलेजांत विद्यार्थी विकास अधिकारी ती बघतात. कर्मवीर अण्णांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग उभं केलं आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. पोरांनी श्रम करून शिकायचं, कुणाच्या उपकारावर नाही, हा त्यांचा आग्रह होता. हे सांगते, कारण आजही काही मुलं या योजनेत नाव घालायला लाजतात. मित्र बघतील म्हणतात. बघू देत. तासांप्रमाणे पैसे मिळतात आणि काम कॉलेजच्या आवारातच असतं, तास बुडत नाहीत. अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच घेतात, तेव्हा पहिल्या महिन्यातच विद्यार्थी विकास अधिकारी कोण, ते विचारून ठेवा. ऑफिसातल्या शिपाईमामांना विचारलंत तरी चालेल, त्यांना सगळं माहीत असतं.

मला काम मिळालं ग्रंथालयात. परत आलेली पुस्तकं त्यांच्या क्रमांकानुसार मांडणीत लावायची. संख्याशास्त्राची पुस्तकं ५१९.५ या क्रमांकाला लागतात. महिनाभर ती उचलून ठेवताना कळलं की आमच्या अभ्यासक्रमात नेमलेल्या एका पुस्तकाच्या शेजारी त्याच विषयावरची चार सोपी पुस्तकं आहेत आणि ती कुणीच नेत नाही. मागच्या कितीतरी वर्षांच्या प्रश्नपत्रिका बांधून ठेवलेल्या होत्या. त्या शेजारी शेजारी ठेवून बघितल्या की कुठली प्रमेयं फिरून फिरून येतात ते डोळ्यांना दिसतं. ग्रंथपाल मॅडमनी एन-लिस्टचं लॉगिन काढून दिलं. इन्फ्लिबनेटच्या या सेवेतून कॉलेजच्या मुलांना घरबसल्या ई-पुस्तकं आणि शोधपत्रिका वाचता येतात. कॉलेज त्याचे पैसे भरतं आणि लॉगिन मागायला मोजकीच मुलं येतात. बुक बँकेची चौकशीही तिथंच करा. पुस्तकांचा आख्खा संच सत्रभर घरी नेता आला तर एका सत्राचा खर्च वाचतो.

राहण्याचं जमत नसेल तर कॉलेजबाहेरही बघा. पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींसाठी वसतिगृहं चालवते. तिथंही कमवा व शिका आहे. प्रवेश मुलाखतीनं होतो, त्यामुळं निकाल लागल्याबरोबर अर्ज करायला हवा.

आता अभ्यास. बहुतेक कॉलेजांत प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक पालक शिक्षक नेमलेले असतात. कागदावर असतात म्हणून सोडून देऊ नका. पहिल्या सत्रात एकदा जाऊन भेटा, गाव कुठलं, कुठल्या माध्यमातून आलात, कुठला विषय जड जातो एवढं सांगा. मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिलं सत्र इंग्रजी शब्दांमुळं जड जातं, विषयामुळं नाही, हे चांगल्या शिक्षकाला सांगावं लागत नाही. पण अडलेला मुलगा कोण, हे त्यांना कळायला हवं ना. आमच्या सरांनी मला कॅल्क्युलसची मराठी पुस्तकं आधी वाचायला लावली, मग तोच धडा इंग्रजीतून. दुसऱ्या सत्रात मराठी पुस्तकाची गरज उरली नाही.

नापास झालात किंवा अपेक्षेपेक्षा फार कमी गुण पडले तर रडून झाल्यावर परीक्षा विभागात जा. उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये निकाल दिला की तपासलेली उत्तरपत्रिका परीक्षार्थीला माहिती अधिकाराखाली पाहता येते. विद्यापीठांची स्वतःचीही छायांकित प्रत आणि पुनर्मूल्यांकनाची पद्धत असते, फक्त निकालानंतर मुदत थोडी असते. प्रत हातात आली की ती घेऊन विषयाच्या शिक्षकांकडे बसा. गुण वाढोत न वाढोत, गुण कुठं गेले ते कळतं. माझ्या मते एका सत्रातली ती सगळ्यात उपयोगी शिकवणी आहे.

आणि मन लागत नसेल, झोप उडाली असेल, घरी जावंसं वाटूनही सांगता येत नसेल, तर कॉलेजचा समुपदेशन कक्ष वापरा. कक्ष नसेल किंवा ओळखीच्या माणसापुढं बोलवत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे, मराठीतूनही बोलता येतं. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२. हे दोन्ही क्रमांक आजच फोनमध्ये टाकून ठेवा.

पुढच्या शिक्षणाची तयारी दुसऱ्या वर्षात सुरू होते, तिसऱ्यात नाही. आयआयटीत एम.एस्सी.ला जायचं तर जॅम परीक्षा फेब्रुवारीत असते आणि अर्ज साधारण आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुटतात, म्हणजे तुमचं शेवटचं वर्ष जेमतेम सुरू झालेलं असतं. गणिताची आवड असणाऱ्यांसाठी १९९३ पासून एमटीटीएस नावाचं उन्हाळी शिबिर होतं. तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती आहे, मुंबईला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवीच्या मुलांसाठीचा नियस कार्यक्रम आहे. अशा ठिकाणी शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. ते आदल्या दिवशी मागू नका. तीन आठवडे आधी जा, सोबत गुणपत्रिका, केलेल्या प्रकल्पाचं अर्धं पान आणि शेवटची तारीख लिहून द्या. शिक्षकांकडे शंभर मुलं असतात. तुमच्याबद्दल काय लिहायचं ते त्यांच्या हातात दिलंत तर पत्र नावापुरतं राहत नाही. एखादा विषय कॉलेजात नीट शिकवला जात नसेल तर एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. परीक्षेला शुल्क पडतं, पण शिकायला नाही.

प्लेसमेंट सेलबद्दल मुलांच्या डोक्यात एकच चित्र असतं, कंपनी येणार आणि नोकरी देणार. कला-विज्ञानाच्या कॉलेजांत कंपन्या मोजक्याच येतात. सेलचा खरा उपयोग वेगळाच आहे. माझी खोलीतली मैत्रीण तिचा बायोडाटा घेऊन तिथल्या मॅडमकडे गेली, तेव्हा मी सोबत होते. वर चार ओळींचं 'करिअर ऑब्जेक्टिव्ह', खाली 'हार्डवर्किंग', 'टीम प्लेयर'. मॅडमनी लाल पेनानं सगळं खोडलं आणि विचारलं, "सुट्टीत घरी काय करतेस?" ती म्हणाली, "काही नाही मॅडम, वडिलांचं दूध संकलन केंद्र आहे, तिथं बसते." मॅडमनी खुर्ची पुढं ओढली. किती शेतकरी दूध घालतात? फॅट, एसएनएफ कोण मोजतं? दरपत्रक कसं लावता? दहा दिवसांचं बिल कोण काढतं? बिल हीच काढायची, एक्सेलमध्ये, आणि शेतकऱ्याचा हिशेब चुकला की त्याच्याशी बोलायचीही हीच. मॅडमनी तिच्याकडूनच तीन ओळी लिहून घेतल्या: किती खातेदार, कुठल्या नोंदी, कुठलं काम ती एकटी सांभाळते. पुढं मुलाखतीत तिला याच तीन ओळींवर प्रश्न आले आणि ती थांबत थांबत का होईना, इंग्रजीत बोलली, कारण जे सांगत होती ते तिच्या हाताखालून गेलेलं होतं.

म्हणून बायोडाटा दुसऱ्या वर्षातच दाखवायला न्या. सराव मुलाखत मागा. माजी विद्यार्थ्यांपैकी कोण कुठं आहे याची यादी सेलकडे असते. त्यातल्या एकाशी बोलायला मिळालं तर "सर, जॉब आहे का?" म्हणू नका. तुमचा दिवस कसा जातो, कामाला लागल्यावर काय नव्यानं शिकावं लागलं, हे विचारा. मला आकडेवारीच्या कामाची आर ही संगणकाची भाषा शिकायला अशाच एका सीनियर दादानं सांगितलं होतं. ती फुकट मिळते आणि आज माझं निम्मं काम तीवरच चालतं.

स्पर्धा परीक्षा करणाऱ्यांसाठी एवढंच: क्लासची फी भरण्याआधी बार्टी, सारथी, महाज्योती आणि टीआरटीआय या सरकारी संस्थांच्या मोफत प्रशिक्षणाच्या जाहिराती बघा. अनुसूचित जाती, मराठा-कुणबी, ओबीसी-भटके-विमुक्त आणि आदिवासी अशा वेगवेगळ्या गटांसाठी त्या आहेत. आणि पदवी नीट पूर्ण करा. मी पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिकांत अशी मुलं पाहिली आहेत ज्यांची तिसऱ्या वर्षाची विषय राहिलेली गुणपत्रिका तशीच पडून आहे.

ज्यांच्या कॉलेजात प्लेसमेंट सेल नावापुरताच आहे, त्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात जावं. महास्वयम पोर्टलवर नाव नोंदवावं आणि पदवीनंतरच्या शिकाऊ उमेदवारीसाठी केंद्र सरकारच्या नॅट्स पोर्टलवरही नोंदवावं. शिकाऊ उमेदवाराला दरमहा विद्यावेतन मिळतं आणि बायोडाट्यात अनुभवाची पहिली ओळ येते. दोन्हीकडे नोंदणीला पैसे लागत नाहीत. कुणी मागितले तर देऊ नका.