चावी घेण्याआधी: नव्या फ्लॅटची तपासणी

नवा फ्लॅट बघताना लोक आधी रंग बघतात, मग फरशी, मग दरवाजे. पाण्याकडे सगळ्यात शेवटी लक्ष जातं, खरं तर सुरुवात तिथूनच हवी. रंगातली चूक लगेच दिसते आणि केव्हाही सुधारता येते. बाथरूमची गळती मात्र राहायला गेल्यावर काही महिन्यांनी, तीही खालच्यांच्या छतावर दिसते. तोवर शेवटचा हप्ता देऊन झालेला असतो आणि मध्यम शहरातल्या लहान बिल्डरची मोजकी माणसं पुढच्या साइटवर गेलेली असतात. म्हणून ताब्याच्या निदान दोन आठवडे आधी, दोन दिवसांच्या अंतरानं दोन फेऱ्या ठरवा.

पहिल्या फेरीत बाथरूममध्ये पाणी साठवायचं. कापडाचा बोळा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून नहाणी ट्रॅपच्या (फरशीतल्या जाळीखालच्या निचऱ्याच्या) तोंडात घट्ट बसवा. दाराशी उंबरा नसेल तर मातीचा छोटा बांध घाला. दोन-अडीच सेंटिमीटर पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलनं पातळीची खूण करा आणि 48 तास तसंच ठेवा. काही मिलिमीटर पाणी वाफ होऊनच जातं. सेंटिमीटरभर उतरलं तर आधी बोळ्यावर संशय घ्या आणि पुन्हा भरा. खरा निकाल खालच्या मजल्यावर लागतो: पाइप स्लॅबमधून जिथे खाली येतो, तिथे भोवतीनं हात फिरवून बघा. गळती बहुतेकदा तिथेच सापडते, कारण पाइपासाठी पाडलेलं भोक नीट भरलेलं नसतं. फॉल्स सीलिंग असेल तर तेवढा भाग उघडायला लावा.

बोळा काढल्यावर लगेच निघू नका, पाणी कुठून कसं जातं ते बघा. ट्रॅपच्या दिशेनं मीटरमागे साधारण एक सेंटिमीटर उतार लागतो. दहा मिनिटांनीही कोपऱ्यात डबकं राहिलं, तर फरशी उखडून पुन्हा बसवण्यावाचून इलाज नाही. ‘वायपरनं ओढून घ्या’ हे उत्तर मान्य करू नका. आणि फरशी बदलली की 48 तासांची चाचणी पुन्हा घ्या, कारण उखडताना छिन्नी खालच्या वॉटरप्रूफिंगला लागते.

सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत पेलाभर पाणी ओता. ते पट्टीतल्या बारीक भोकांतून बाहेरच्या बाजूला पडलं पाहिजे. ही भोकं सिमेंटनं किंवा सिलिकॉननं सर्रास बुजलेली असतात, मग पावसाचं पाणी आत उतरतं आणि खिडकीखालचा रंग पोपडे धरतो. एका खोलीत एवढाच चौकोन ताज्या रंगाचा दिसला, तर तिथे काय झाकलंय ते विचारा.

फरशीला नाण्यानं किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोका: प्रत्येक फरशीचे चार कोपरे आणि मध्य. आवाज पोकळ आला की मास्किंग टेप चिकटवा. फरशी चिकटवायचं केमिकल सगळीकडे पसरायच्या ऐवजी पाच गोळे ठेवून फरशी दाबून बसवली, की खाली हवा राहते आणि जड वस्तू पडली की नेमका कोपरा तुटतो. एखाद्या कोपऱ्यातली बोटभर पोकळी सोडून द्या, पण दारातली, ओट्यापुढची किंवा पाव भागाहून जास्त पोकळ असलेली बदलून घ्या. त्याच लॉटच्या एक-दोन पेट्या जादा मागून ठेवा. पुढच्या लॉटची छटा हमखास वेगळी निघते.

भिंतीवरच्या केसासारख्या भेगा प्लास्टर सुकताना पडतात, त्यांत घाबरण्यासारखं काही नाही. कॉलम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यावर सरळ उभी भेग दिसली तर बहुधा तिथे प्लास्टरखाली जाळी लावलेली नाही. नुसती पुट्टी भरली तर ती परत उघडते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसणारी किंवा तीन मिलिमीटरहून रुंद भेग मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, आणि तो बिल्डरचा नसावा.

विजेचं काम झटपट होतं. आरसीसीबी म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच. त्याचं टेस्ट बटण दाबल्यावर तो लगेच पडला पाहिजे. तीन पिनांचा सॉकेट टेस्टर प्रत्येक सॉकेटमध्ये लावा. अर्थिंग जोडलेलंच नाही किंवा फेज-न्यूट्रल उलटे आहेत, हे नुसतं बघून कळत नाही. एसी आणि गीझरला स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की पडणारा स्विच) आहे ना, तो एकेक पाडून पडताळा.

मोजपट्टीनं प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घ्या. दोन सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर खोली काटकोनात नाही आणि कपाटं बसवताना सुतार वैतागणार. दार अर्धं उघडून सोडा: आपोआप फिरलं तर चौकट ओळंब्यात नाही.

सगळं खोलीनिहाय यादीत उतरवा: दोष, नेमकी जागा, फोटो, कोणत्या तारखेपर्यंत दुरुस्ती. ‘बेडरूमची फरशी खराब’ असं न लिहिता ‘बेडरूम, खिडकीपासून दुसरी ओळ, डावीकडून तिसरी फरशी पोकळ’ असं लिहा. दोन प्रती करून साइट इंजिनिअरची तारखेसह सही घ्या. ताबा पत्रात ‘फ्लॅट सुस्थितीत मिळाला, तक्रार नाही’ अशा अर्थाचं छापील वाक्य असू शकतं. कामं बाकी असतील तर ते खोडून ‘सोबतच्या यादीतली कामं बाकी’ असं हातानं लिहा, शेजारी दोघांच्या सह्या घ्या आणि यादी त्याच पत्राला जोडा.