गिझरशिवाय आंघोळी निघतील का? केटल-इंडक्शनचा हिशेब

घणसोली-कोपरखैरणेतल्या भाड्याच्या घरात गिझर असेलच असं नाही, आणि असला तरी तो नेमका थंडीतच बसतो. मग ओट्यावरच्या केटलवर आणि इंडक्शनवर घरातल्या आंघोळी निघतील का? कागद-पेन घ्या.

आधी गरज काढा. 20 लिटरची बादली आपण काठोकाठ भरत नाही, 18 लिटर धरा. जानेवारीत सकाळी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी 24 अंश धरलं आणि आंघोळीला 40 अंश हवं असेल, तर वाढ 16 अंशांची. 18 गुणिले 16 म्हणजे 288. त्याला 860 ने भागा, कारण 1 युनिट विजेत 860 लिटर पाणी 1 अंशाने तापतं. उत्तर 0.33 युनिट. चौघांचं मिळून 1.35 च्या आसपास. (मे महिन्यात हा हिशेब करूच नका, दुपारी नळालाच कढत पाणी येतं.)

गिझरलाही जवळपास एवढीच वीज लागते. त्यामुळे महावितरणच्या बिलात मोठा फरक पडेल या आशेवर राहू नका. खरी अडचण वेळेची आहे.

सगळं पाणी तापवायचं नसतंच. थोडं उकळायचं आणि विसण घालायचं. 95 अंशांचं पाणी घेतलं तर वाढ 71 अंश, म्हणून 288 भागिले 71, म्हणजे बादलीमागे 4 लिटर उकळतं पाणी. दीड लिटरच्या केटलने जवळपास तीन खेपा. 1500 वॉटच्या केटलला एका खेपेला साडेपाच-सहा मिनिटं लागतात. एकट्याला ठीक आहे. चौघांना मात्र अकरा खेपा आणि तासभर लागतो. 7:40 ची लोकल पकडणाऱ्याने काय करायचं?

तुमची केटल खरंच किती काम करते तेही तपासा. दीड लिटर पाणी घाला, स्वयंपाकाच्या थर्मामीटरने सुरुवातीचं आणि शेवटचं तापमान बघा, मिनिटं मोजा. लिटर गुणिले वाढलेले अंश गुणिले 70, भागिले मिनिटं: पाण्यात उतरलेले वॉट हाती येतात. 24 चं 94 व्हायला साडेपाच मिनिटं लागली तर 1336 वॉट, म्हणजे 1500 ची केटल चांगली आहे.

इंडक्शनवर मोठं पातेलं बसतं, म्हणून खेपा कमी होतात. 2000 वॉटवर 4 लिटरला पंधराएक मिनिटं धरा. झाकण ठेवा. मायक्रोवेव्हचा विचार सोडा, भांडं लहान आणि बरीच वीज पाण्यापर्यंत पोचतच नाही.

दोन्ही एकदम लावून वेळ अर्धा करू म्हणाल, तर आधी प्लग बघा. 230 व्होल्टवर केटल साडेसहा अँपिअर ओढते, इंडक्शन पावणेनऊ. सहा अँपिअरच्या सॉकेटला एकटी केटलही जास्तच होते. दोघांना वेगवेगळे 16 अँपिअरचे पॉइंट हवेत, एक्स्टेन्शन बोर्ड नको.

माझ्या मते एक-दोन माणसांचं घर केटलवर खुशाल चालवावं. चौघांच्या घरात तिच्यावर भांडी आणि एखादी आंघोळ, बाकीच्यांसाठी गॅसवर पातेलं. बादलीत आधी गार पाणी घ्या, उकळतं वरून ओता, आणि ओट्यापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेत लहान मूल नाही ना, ते बघूनच पातेलं उचला.