ड्रायव्हिंग सिम्युलेटरसाठी नवी गाडी आणि नवी शर्यत कशी सुचवावी

उसाचा हंगाम सुरू झाला की कोल्हापुरातल्या पोरांची एक मागणी हमखास येते: दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर गेममध्ये आणा. सोबत एक फोटो, कंपनीचे नाव आणि ‘लई भारी होईल’ एवढा मजकूर. गेममधली गाडी बनवणाऱ्याच्या हाती यातून काहीच लागत नाही. तो बसलेला असतो जर्मनीत, नाहीतर इटलीत. कारखान्याच्या गेटबाहेरची ट्रॅक्टरची रांग त्याने कधी पाहिलेली नाही. त्याला एकच गोष्ट कळायला हवी असते: ही गाडी चालवताना ड्रायव्हरला असे काय करावे लागते, जे आत्ता असलेल्या एकाही गाडीत करावे लागत नाही? आपल्या भागात या प्रश्नाला फार चांगली उत्तरे आहेत. ती नीट मांडायची कशी, ते पाहू.

आधी सिम्युलेटर ठरवा

प्रत्येक सिम्युलेटरचा, म्हणजे खऱ्यासारखी गाडी चालवायच्या गेमचा, पिंड वेगळा असतो. २०१५ पासून स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात असलेल्या बीमएनजी ड्राइव्हमध्ये गाडी म्हणजे वजन असलेल्या बिंदूंचे आणि त्यांना जोडणाऱ्या लवचीक दांड्यांचे जाळे असते, आणि त्याचे गणित सेकंदाला २००० वेळा होते. म्हणून तिथे पत्रा चेपतो, सांगाडा पिळवटतो, ट्रॉलीचा हूक तुटतो. २०१४ साली आलेला असेट्टो कोर्सा हा सर्किटवरच्या शर्यतीसाठी घडवलेला आहे. टायरची पकड आणि सस्पेन्शन हा त्याचा प्राण, तिथे ट्रॉली मागण्यात अर्थ नाही. युरो ट्रक सिम्युलेटर २ लांबच्या मालवाहतुकीचा. मोबाइलवर खेळणाऱ्यांनी बस सिम्युलेटर इंडोनेशियात लालपरीचे रंग पाहिलेच असतील.

ट्रॅक्टर-ट्रॉलीची कल्पना बीमएनजीसाठी योग्य. गो-कार्टची, म्हणजे शर्यतीच्या छोट्या उघड्या गाडीची, असेल तर असेट्टो कोर्सा बरा. कोल्हापुरात मोहिते यांच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत, त्यामुळे कार्ट जवळून पाहणे इथे अवघड नाही. कार्टच्या मागच्या आसाला डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची जोडणी, नसतो. दोन्ही चाके एकाच गतीने फिरतात, म्हणून वळणात आतले मागचे चाक जरासे उचलले गेले तरच कार्ट नीट वळते. कार्ट सुचवताना हे वाक्य पहिल्या ओळीत हवे, रंग आणि स्टिकर नंतर.

एका वाक्यात गाडी सांगा

‘पन्नास हॉर्सपॉवरचा, मागची दोनच चाके ओढणारा ट्रॅक्टर, डाव्या-उजव्या चाकाला वेगळा ब्रेक, मागे चार चाकांच्या दोन ट्रॉल्या.’ एवढे पुरते. यातला वेगळ्या ब्रेकचा भाग आपल्याला इतका सवयीचा आहे की तो सांगायचाच राहतो. रस्त्यावर दोन्ही पेडल खिट्टीने जोडलेले असतात. शेतात खिट्टी काढतात आणि एका बाजूचा ब्रेक दाबून ट्रॅक्टर जागच्या जागी वळवतात. सिम्युलेटरला ब्रेकचे एकच पेडल माहीत असेल, तर ‘दोन ब्रेकना दोन वेगळी बटणे द्या’ असे स्पष्ट मागावे लागेल.

मग मोजमाप

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. मालकाची परवानगी घेऊन, ट्रॅक्टर बंद असताना टेपने मापे घ्या: पुढच्या आणि मागच्या आसातले अंतर, डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर, हुकाची जमिनीपासूनची उंची, हुकापासून मागच्या आसापर्यंतचे अंतर. टायरवरचे आकडे जसेच्या तसे उतरवा. १४.९-२८ म्हणजे टायरची रुंदी १४.९ इंच आणि रिम २८ इंच. मागच्या टायरमध्ये पाणी भरले आहे का, हेही विचारा. बरेच शेतकरी पकड वाढावी म्हणून भरतात. त्याने वजन खालच्या बाजूला वाढते आणि ट्रॅक्टरचे वागणे बदलते. फोटोत हे कधीच दिसत नाही.

वजनासाठी भुईकाटा गाठा. आधी फक्त पुढची चाके काट्यावर, मग पूर्ण ट्रॅक्टर, मग फक्त मागची चाके. पहिल्या आणि तिसऱ्या आकड्याची बेरीज दुसऱ्याच्या जवळ आली पाहिजे. समजा पुढे ८०० किलो आणि मागे १२०० किलो भरले, आणि दोन आसांत २ मीटर अंतर आहे. मग १२०० भागिले २०००, गुणिले २, म्हणजे गुरुत्वमध्य पुढच्या आसापासून १.२ मीटर मागे. मोड, म्हणजे गेममध्ये बाहेरून घालायची गाडी, बनवणाऱ्याला हा एक आकडा दहा फोटोंपेक्षा मोलाचा. ट्रॉलीचेही रिकामे आणि भरलेले अशी दोन वजने हवीत.

ट्रॉली दोन चाकी की चार चाकी, हे विसरू नका. दोन चाकी ट्रॉली आपला काही भार हुकावर टाकते, त्यामुळे ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात. चार चाकी ट्रॉली आपले वजन स्वतः पेलते आणि हुकावर फक्त ओढ येते. तरी हूक जमिनीपासून उंच असल्याने चढावर तीच ओढ ट्रॅक्टरचे तोंड उचलते. बोनेटसमोर वजनाच्या पाट्या लावतात त्या यासाठीच.

फोटो काढताना लांब उभे राहून झूम करा. जवळून काढले की पुढचे चाक मोठे आणि मागचे लहान दिसते, आणि त्यावरून केलेले मॉडेल वाकडे होते. कॅमेरा आसाच्या उंचीवर ठेवून बाजूने, समोरून आणि मागून एकेक सरळ फोटो काढा. शिवाजी उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापुरातल्या कारखाने-वर्कशॉपच्या भागात, ओळख असेल, तर दुरुस्तीला खोललेल्या ट्रॅक्टरचे गिअरबॉक्स आणि मागचे हाउसिंगही पाहायला मिळते. गिअरचे प्रमाण मात्र रस्त्यावरूनही काढता येते: मोकळ्या शेतवाटेवर इंजिनचे आरपीएम एकाच आकड्यावर धरून प्रत्येक गिअरमधला वेग मोबाइलच्या जीपीएसवर पाहा. टायरचा घेर माहीत असला की बाकी भागाकार आहे.

आवाज वेगळा नोंदवा. सिम्युलेटर ठरावीक आरपीएमचे तुकडे एकमेकांत मिसळून आवाज तयार करतो, म्हणून रेस वाढवत नेलेली एक लांबलचक क्लिप फारशी कामाची नाही. रिकाम्या रेसवर, मध्यावर आणि पूर्ण रेसवर काही सेकंद स्थिर आवाज घ्या. सायलेन्सरजवळ एकदा, सीटवरून एकदा, आणि शक्य असेल तर ओढ असताना व ओढ नसताना. भरलेली ट्रॉली ओढतानाचा इंजिनाचा दबका सूर हाच तर या गाडीचा जीव आहे. मोबाइलवर पातळ कापड गुंडाळले की वाऱ्याची खरखर कमी होते.

शर्यत म्हणजे नियम

गाडीइतकीच शर्यतही विचार करून सुचवावी. ‘ट्रॅक्टरची रेस’ एवढ्याने भागत नाही, कारण ट्रॅक्टर सरळ पळवण्यात ड्रायव्हरची परीक्षा फारशी होत नाही. खरी परीक्षा आपल्याकडच्या यात्रांत होते. तिथे ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर उलटा पळवायची स्पर्धा लागते. माझ्या मते सिम्युलेटरला देण्यासारखी आपल्या भागातली ही सर्वांत अस्सल शर्यत आहे. ती का अवघड, हे प्रस्तावात समजावून सांगा.

मागे जाताना ट्रॉली डावीकडे न्यायची तर ट्रॅक्टरचे स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवावे लागते. ट्रॉली एकदा वाकायला लागली की ते वाकणे आपोआप वाढत जाते, म्हणून दिसायच्या आत सावरावे लागते. हुकापासून चाकांपर्यंतचे अंतर जितके कमी, तितके हे झपाट्याने होते. चार चाकी ट्रॉलीत पुढचा आसही दांडीबरोबर वळतो, म्हणजे एक सांधा हुकापाशी आणि दुसरा त्या आसावर. अशा दोन ट्रॉल्या जोडल्या की चार सांधे. पातळ्या आयत्याच तयार आहेत: आधी दोन चाकी ट्रॉली, मग चार चाकी, मग दोन ट्रॉल्या.

आता नियम लिहा. फक्कीच्या दोन रेघा, त्यांच्यात किती रुंदी, किती अंतर, चाक रेघेला लागले तर किती सेकंद वाढायचे, सरळ करून घेण्यासाठी पुढे येण्याची मुभा आहे की नाही. शेवटचा नियम महत्त्वाचा. मुभा दिली तर शर्यत संयमाची होते, नाही दिली तर हाताच्या सफाईची. तुम्हाला कोणती हवी ते ठरवून एकच लिहा.

घाटाची कल्पना वेगळी. कोल्हापूरहून गगनबावड्याला गेले की पुढे दोन घाट कोकणात उतरतात: करूळ घाट वैभववाडीकडे आणि भुईबावडा घाट खारेपाटणकडे. इथे पावसाळ्यात धुके आणि भरलेली एसटी अशी शर्यत सुचवा, पण विजेता फक्त वेळेवर ठरवू नका. ब्रेक किती तापले, प्रवाशांना किती धक्के बसले, याचेही गुण ठेवा. मग खेळणारा आपोआप लहान गिअर टाकून इंजिनच्या जोरावर उतरायला शिकतो. डोंगराच्या उंचीची उपग्रहावरून घेतलेली माहिती मोफत मिळते, पण ती साधारण ३० मीटरला एक बिंदू अशी असते. तिच्यात डोंगराचा आकार येतो, अरुंद रस्त्याची वळणे हरवतात. रस्ता ओपनस्ट्रीटमॅप या मोफत ऑनलाइन नकाशावरून वेगळा आखावा लागेल. आणि मापे घ्यायला घाटात गेलात तर प्रवासी म्हणून जा, वेग पडद्यावरच ठेवा.

दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते, तेव्हा तिच्याकडे पाहून आणखी एक कल्पना सुचते: सर्वांत जलद कोण यापेक्षा ठरलेल्या सेकंदाला कोण पोहोचतो अशी जुन्या गाड्यांची फेरी. त्यासाठी अख्खी नवी गाडी लागतही नाही, आधीच्या एखाद्या जुन्या गाडीवर नियम बसवता येतात.

नावे आणि हक्क

खऱ्या कंपनीचे नाव आणि बोधचिन्ह वापरायला परवाना लागतो. बीमएनजीच्या गाड्यांना काल्पनिक कंपन्यांची नावे आहेत, म्हणून तिथे कंपनी न सांगता गाडीचा प्रकार सांगा. दुसऱ्या गेममधून काढलेले मॉडेल कधीच जोडू नका. तुमचे स्वतःचे फोटो आणि मापे पुरेशी आहेत. फोटोतली नंबरप्लेट आणि माणसांचे चेहरे झाका.

आता लिहा

एका प्रस्तावात एकच कल्पना. साध्या इंग्रजीत लिहा, ट्रॉली किंवा फक्की म्हणजे काय ते एका ओळीत सांगा. क्रम असा ठेवा: एका वाक्यात गाडी, ड्रायव्हरला काय वेगळे करावे लागते, मापे, आवाज, शर्यतीचे नियम. त्यानंतर सर्वांत लहान रूप सांगा, म्हणजे काम हातात घेणाऱ्याला सुरुवात सोपी जाते. उदाहरणार्थ: ‘नवा ट्रॅक्टर लगेच नको. आत्ताच्या एखाद्या पिकअपला चार चाकी ट्रॉली जोडून उलट्या शर्यतीचा नकाशा झाला तरी चालेल.’

पाठवण्याआधी दोन गोष्टी करा. तीच कल्पना आधी कोणी मांडली आहे का शोधा. असली, तर आपली मापे तिथेच जोडा. आणि गेममध्ये हाताशी असलेली गाडी व ट्रेलर घेऊन एकदा उलटे चालवून पाहा. नेमके काय कमी पडते ते त्यातून कळते. बीमएनजीत गाडीची रचना साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते, त्यामुळे ट्रेलरची प्रत काढून तिचे वजन आणि दांडीची लांबी स्वतःही बदलून पाहता येते.

कोणी गाडी बनवायला घेतलीच, तर चाचणीत ‘फील येत नाही’ असे कळवू नका. गिअर, वेग, भार आणि घडलेली गोष्ट लिहा: ‘दुसरा गिअर, भरलेली एक ट्रॉली, चढ, पुढची चाके उचलायला हवी होती, उचलली नाहीत. हुकाची उंची तपासावी.’ सोबत खऱ्या ट्रॅक्टरचा तशाच चढावरचा व्हिडिओ, बाजूने काढलेला.