करार तपासायचा साचा बनवण्याआधी

साचा म्हणजे सही करण्याआधी प्रत्येक कराराला विचारायच्या प्रश्नांची छापील यादी. तिची सुरुवात कोऱ्या कागदापासून करू नका. कपाटातले गेल्या दोन-तीन वर्षांतले पुरवठा करार, जॉबवर्कचे (दुसऱ्याच्या मालावर काम करून देण्याचे) करार आणि मागच्या बाजूला बारीक अटी छापलेल्या पीओ (खरेदी ऑर्डरी) काढा. त्यांच्यासोबत डेबिट नोटांची फाईलही घ्या. पैसे कुठे कापले गेले ते तिथे कळतं, आणि साच्यातले पहिले प्रश्न तिथूनच येतात.

पैशाच्या कलमाला स्वतंत्र पान द्या. नुसतं 'मुदत किती' विचारून भागत नाही. ती कधीपासून मोजायची हेही विचारा: बिलाच्या तारखेपासून, माल उतरल्यापासून की तपासणीनंतर? सूक्ष्म किंवा लघू उद्योग म्हणून आपली उद्यम नोंदणी असेल, तर २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपुढची मुदत करारातही चालत नाही. मुदत लिहिलेलीच नसेल तर १५ दिवस. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. हे आकडे साच्यातच छापून ठेवा, म्हणजे नव्वद दिवस दिसले की वाचणारा तिथेच थांबेल.

रिजेक्शन (माल नाकारणं) कोण ठरवणार, किती दिवसांत कळवणार, पॅटर्न (ज्यावरून ओतकामाचा आकार घेतात तो नमुना) कुणाच्या मालकीचं आणि त्याचा विमा कुणी काढायचा, हे चार प्रश्न फाउंड्रीवाल्यांनी (धातूचं ओतकाम करणाऱ्यांनी) सोडू नयेत.

आता पूर. इथे मी जास्त वेळ घालवतो, कारण आम्ही पोळलोय. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी कोल्हापूरलगतच्या शिरोलीजवळ महामार्गावर आलं. आमची शेड कोरडी होती, माल तयार होता, पण गाडी निघत नव्हती. करारात 'पूर' हा शब्द होता, तरी ग्राहकाने उशिराचा दंड कापला. कारखान्यात पाणी शिरलंच नाही ना, हे त्यांचं म्हणणं. म्हणून साच्यात थेट विचारा: कारखाना सुरू पण रस्ता बंद, हे कलमात बसतं का? नोटीस किती दिवसांत द्यायची? ईमेल चालतो का?

न्यायक्षेत्राचा रकाना छोटा, पण तो रिकामा सोडू नका. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरात आहे. करारात 'फक्त चेन्नई' छापलं असेल तर खेटे तिकडेच घालावे लागतील.

प्रत्येक प्रश्नापुढे तीन गोष्टी आधीच लिहा: आपल्याला काय हवं, कुठवर मागे सरकता येईल, आणि त्यापुढे सही कुणाला विचारून करायची. तिसरी गोष्ट मालकांसोबत बसूनच ठरवा. कोपऱ्यात साच्याची तारीख टाका आणि जुनी प्रत फोल्डरमधून काढून टाका.

वापरण्याआधी एकच जुना करार हिशेबनिसाला आणि डिस्पॅचवाल्याला वेगवेगळा तपासायला द्या. उत्तरं जुळली नाहीत, तर तो प्रश्न पुन्हा लिहा.