किडनीचं पथ्य: खारा बांगडा, सॉसेज आणि फ्रोझन कबाब

जून-जुलैत होड्या किनाऱ्याला लागल्या की कोकणात ताटात ताज्या मासळीच्या जागी बहुधा दोनच गोष्टी येतात: डब्यात भरून ठेवलेलं सुकं, नाहीतर दुकानाच्या फ्रीजरमधलं सॉसेज-कबाबांचं पाकीट. किडनीच्या पेशंटला दोन्हींतलं मीठ बाधतं, पण पाकीट जास्त वाईट. सुक्याचं मीठ थोडंफार धुऊन काढता येतं, सॉसेजमध्ये मुरलेलं मीठ आणि फॉस्फेट नाही.

पाकीट उलटं करून आधी सोडियम बघा. बहुतेकांना दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या आत राहायचं असतं, म्हणजे सगळं धरून ५ ग्रॅम मीठ. १०० ग्रॅमला ८०० लिहिलंय आणि १५० ग्रॅम खाल्लं, तर ३ ग्रॅम मीठ एका बशीतच संपलं. मग घटकांत ३३८ ते ३४१ आणि ४५० ते ४५२ हे आकडे शोधा. ही फॉस्फेटं, मांसात पाणी धरून राहावं म्हणून घातलेली. ताज्या मासळीतला फॉस्फरस निम्म्याच्या आसपास शोषला जातो, या फॉस्फेटांतला ९० टक्क्यांच्याही पुढे. रक्तात साठला की खाज सुटते, हाडं ठिसूळ होतात. आकडा दिसला की पाकीट परत ठेवा. ‘लो सोडियम’वर तर ५०८ शोधाच. ते पोटॅशियम क्लोराइड, ज्यांचं पोटॅशियम आधीच वाढलेलं आहे त्यांच्या हृदयाला धोक्याचं.

सुक्यात बोंबील बिनमिठाचा मिळतो, बाजारात विचारून घ्या. जवळा सालासकट पोटात जातो, फॉस्फरस वाढलेला असेल तर नकोच.

खारा बांगडाच हवा असेल तर डोकं-शेपूट काढा, वरचं मीठ घासून धुवा, बोटाएवढे तुकडे करा. भरपूर गार पाण्यात फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा, दोन-तीनदा पाणी बदला. बाहेर ठेवू नका: बांगड्यात हिस्टामिन हे ॲलर्जीसारखा त्रास देणारं द्रव्य तयार होतं, ते शिजवूनही जात नाही. सकाळी तुकडे उकळून तेही पाणी ओता, सारात घालू नका. एक कण चाखा, खारट लागला तर पुन्हा भिजवा. मीठ कमी होतं, जात नाही, म्हणून एक-दोन तुकडेच, तेही कधीतरी. वरून मीठ नाही आणि कोकमाचं आगळही नाही, त्यात मीठ भरपूर असतं. लसूण आणि बिया काढलेली तिरफळं घाला, चव येते.

मीठ धुतलं तरी प्रथिनं राहतातच. सुक्या बोंबलात १०० ग्रॅमला साधारण ६० ग्रॅम. डायलिसिस नसलेल्या ६० किलोच्या माणसाला दिवसभरात ४८ ग्रॅमच्या आसपास पुरतात, तेव्हा डाळ आणि सुकं एकाच ताटात नको.

डायलिसिसवाल्यांना प्रथिनं जास्त लागतात खरी, पण ती सुक्यातून भरून काढू नयेत. मिठानं तहान लागते, पाणी जास्त जातं आणि पुढच्या डायलिसिसला वजन वाढलेलं निघतं. त्यांना अंड्याचा पांढरा भाग बरा.