घरातला काचमण्यांचा स्टुडिओ: आधी हवेची वाट

टॉर्चवर, म्हणजे टेबलावर बसवलेल्या गॅसच्या ज्योतीवर, काचेचे मणी करायला शिकून आलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, टॉर्च कोणता घेऊ? मग काच कुठली, मग भट्टी. खोलीतली हवा बाहेर कशी जाणार हा प्रश्न येतो तो टेबल, टॉर्च, सिलिंडर सगळं मांडून झाल्यावर. बरीच वर्षं हे काम घरी करते आहे, नव्यांच्या खोल्या लावून द्यायलाही जाते, आणि दर वेळी हेच सांगते की हा क्रम उलटा धरा. आधी हवेची वाट, मग गॅसची, मग विजेची. टॉर्च आणि काच शेवटी. टॉर्च विकून दुसरा घेता येतो, पण चुकीच्या भिंतीला पाडलेलं भोक निस्तरणं फार जिवावर येतं.

खोली लहान असली तरी चालते. तिची एक भिंत बाहेरची असावी, जमीन फरशीची किंवा सिमेंटची असावी, आणि ती तळघरात नसावी. तळघराला मी सरळ नाही म्हणते, कारण टॉर्चला लागणारा गॅस, प्रोपेन, हवेच्या साधारण दीडपट जड असतो. गळला की तो खाली उतरतो आणि खोलगट जागेत साचून राहतो. हवेत त्याचं प्रमाण जेमतेम 2 टक्क्यांवर गेलं की ठिणगी पुरते. गालिचा, पडदे, कागदांचे गठ्ठे खोलीतून बाहेर. काचेची थंड कांडी घाईने ज्योतीत घातली की तडकते आणि तिचे तापलेले तुकडे कुठेही उडतात, हे प्रत्येकाच्या बाबतीत कधी ना कधी होतंच.

आता हवा. ज्योतीतून निघणारं सगळंच दिसत नाही. नायट्रोजनची ऑक्साइड्स तयार होतात, ज्योत नीट जळत नसेल तर कार्बन मोनॉक्साइड निघतो. लाल, केशरी, पिवळ्या काचांपैकी बऱ्याचशांत कॅडमियम असतं. चांदीची वाफ देऊन मण्यावर झळाळी आणायची हौस असेल तर ती वाफही छातीत जाऊ शकते. खिडकी उघडी ठेवली आणि छताचा पंखा लावला की झालं, असं मानणारे खूप भेटतात. पंखा तीच हवा खोलीभर फिरवतो, वर ज्योत हलवतो ती वेगळीच.

टॉर्चच्या वर किंवा मागे, तीन बाजूंनी बंद असा, धूर ओढून घेणारा पत्र्याचा हूड हवा. पंख्याची ताकद ठरवायचा एक ढोबळ हिशेब आहे: हूडच्या तोंडाच्या दर चौरस फुटामागे मिनिटाला 100 ते 125 घनफूट हवा ओढली गेली पाहिजे. तोंड 2 फूट बाय 3 फूट असेल तर 6 चौरस फूट, म्हणजे मिनिटाला 600 ते 750 घनफूट. स्वयंपाकघरातल्या साध्या चिमणीकडून एवढी अपेक्षा करू नये. शिवाय पंख्याच्या खोक्यावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. पुढे पाइप जोडला, त्याला दोन वळणं दिली की तो झपाट्याने उतरतो. म्हणून पाइप गुळगुळीत, जाड आणि शक्य तितका सरळ घ्या. घड्यांचा लवचिक पाइप बसवायला सोपा असतो, पण हवेला अडवतो. पंखा पाइपच्या बाहेरच्या टोकाला बसवला तर घरातला सगळा पाइप ओढीखाली राहतो, आणि एखाद्या सांध्याला फट असलीच तरी तिथून धूर खोलीत येत नाही.

जेवढी हवा बाहेर जाते तेवढी आत यायला हवी, आणि हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. दारं-खिडक्या बंद करून जोरकस पंखा लावला की घर हवेसाठी तडफडतं आणि मिळेल तिथून ओढून घेतं. शेजारच्या न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल तर त्याचा धूर उलटा घरात येऊ शकतो. आत येणारी वाट मुद्दाम ठेवा, आणि ती तुमच्या पाठीमागे नको. पाठीवरून येणारा झोत शरीराला वळसा घालतो, छातीपुढे भोवरा होतो आणि धूर नेमका नाकाशी येतो. हवा टेबलाच्या पातळीला, समोरून किंवा बाजूने आलेली बरी. ती जिथून घेता ते ठिकाण धूर सोडण्याच्या तोंडापासून लांब असू द्या.

हे जमलं की नाही ते उदबत्तीने कळतं. टॉर्च न पेटवता पंखा सुरू करा, नेहमीच्या खुर्चीत नेहमीसारखे बसा आणि पेटती उदबत्ती टॉर्चच्या तोंडाशी धरा. धुराची रेघ न विस्कटता हूडमध्ये शिरली पाहिजे. मग उदबत्ती हळूहळू स्वतःकडे आणा. हनुवटीपाशी धरली तरी धूर पुढेच जायला हवा. रेघ थबकली, वळली, डोळ्यांकडे आली, तर हूड खाली आणा, पुढे ओढा, त्याच्या बाजू वाढवा किंवा आत येणाऱ्या हवेची जागा बदला. ही चाचणी समाधानकारक होईपर्यंत बाकी काही विकत घेऊ नका, असं मी बजावून सांगते. ऐकतात थोडेच.

गॅसचं सिलिंडर घराबाहेर, उभं, सावलीत आणि पक्कं बांधलेलं. आडवं केलं तर नळीत वायूऐवजी द्रव येतो. घरात किती मोठं सिलिंडर ठेवता येतं, भिंतीतून गॅसची जोडणी कोणी करायची, याचे जिथले तिथले नियम असतात. ते आणि घराच्या विम्याच्या अटी आधी वाचा. स्वयंपाकाच्या शेगडीचा रेग्युलेटर फार कमी दाब देतो, त्यावर टॉर्च चालवायचा खटाटोप नको. टॉर्च बनवणाऱ्याने सांगितलेला दाब देणारा, काटा असलेला रेग्युलेटर घ्या आणि टेबलाशी हाताला येईल असा बंद करायचा एक कॉक ठेवा. प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहायचे, आणि सिलिंडर बदललं की पुन्हा पाहायचे. गॅसचा अलार्म जमिनीलगत लावायचा, कार्बन मोनॉक्साइडचा मात्र श्वासाच्या उंचीवर. दोन्ही एकाच खिळ्याला टांगले तर त्यातला एक निरुपयोगी.

ऑक्सिजनसाठी दोन रस्ते आहेत. भरलेली टाकी ताकदवान असते, पण तिच्यातला दाब प्रचंड असतो. ती साखळीने भिंतीला बांधावी लागते आणि ऐन कामात संपते. सुरुवातीला मला कॉन्सन्ट्रेटर बरा वाटतो. हवेतला नायट्रोजन झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजात अडकवून तो 90 ते 95 टक्के ऑक्सिजन देतो. मिनिटाला 5 लिटरचं यंत्र मण्यांच्या लहान टॉर्चला पुरतं. ते घरघरतं आणि गरमही होतं. त्याला स्वच्छ हवा लागते, म्हणून टेबलाखाली कोंबू नका, आणि सुरू केल्यावर काही मिनिटं थांबून मग टॉर्च पेटवा. ऑक्सिजनच्या कुठल्याही जोडाला तेल, ग्रीस किंवा तेलकट हात लागता कामा नये. शुद्ध ऑक्सिजनमध्ये ग्रीस आपसूक पेट घेऊ शकतं.

टॉर्चबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. नुसत्या गॅसवर चालणारा, बाहेरची हवा ओढून घेणारा टॉर्च स्वस्त असतो. त्यावर मणी होतात, पण काच सावकाश वितळते आणि फिक्या रंगांवर काजळी धरते. हे काम करत राहायचं असं नक्की असेल तर दोन वायू तोंडाबाहेर मिसळणारा लहान टॉर्च घ्या. त्यात ज्योत उलटी नळीत शिरण्याची भीती जवळपास नसते, तरी उलटा प्रवाह अडवणाऱ्या झडपा लावाव्यातच. पेटवताना आधी गॅस, मग ऑक्सिजन. विझवताना आधी ऑक्सिजन, मग गॅस. काम संपलं की बाहेर जाऊन सिलिंडरही बंद.

टेबलावर सिमेंटचा बोर्ड किंवा पत्रा, मागच्या भिंतीलाही तसंच काहीतरी न जळणारं. टॉर्च स्क्रूने घट्ट बसवलेला हवा. टेबलाची उंची अशी ठेवा की दोन्ही कोपरं टेकतील आणि खांदे वर चढणार नाहीत. मणी गोल येतो तो ज्यावर काच गुंडाळतो ती स्टीलची सळी एकसारखी फिरवल्याने, आणि खांदे दुखायला लागले की पहिल्यांदा तेच बिघडतं. खिडकीचं थेट ऊन ज्योतीवर येऊ देऊ नका, उन्हात ज्योत दिसतच नाही. कपडे सुती, केस बांधलेले, पायांत बंद बूट, हाताशी अग्निशामक.

चष्म्याचं थोडं सविस्तर सांगायला हवं. काचेतलं सोडियम तापलं की 589 नॅनोमीटरच्या आसपास लख्ख पिवळा प्रकाश सोडतं आणि त्याआडचा मणी दिसेनासा होतो. डिडिमियमचा चष्मा नेमका तो पिवळा गाळतो. पहिल्यांदा लावला की ज्योतीतली केशरी आग नाहीशी होऊन आतला मणी स्वच्छ दिसतो, आणि नव्या माणसाचा विश्वास बसत नाही. पण डिडिमियम उष्णतेचे अवरक्त किरण अडवत नाही. मऊ, म्हणजे कमी उष्णतेला वितळणाऱ्या काचेच्या लहान मण्यांना तो चालतो. बोरोसिलिकेट, म्हणजे जास्त उष्णतेला वितळणारी कडक काच, वापरणार असाल तर अवरक्त अडवणारी, वेल्डिंगच्या चष्म्यासारखी गडद काच लागते.

भट्टीवर मात्र हात आखडू नका. काचेचा मणी बाहेरून आधी गार होतो, आतून नंतर, आणि त्या ओढाताणीचा ताण काचेत कोंडून राहतो. असा मणी आज टिकतो आणि महिन्याने कुणाच्या गळ्यात तडकतो. तो ताण काढायच्या प्रक्रियेला ॲनीलिंग म्हणतात. 104 प्रसरणांकाच्या (तापल्यावर काच किती फुगते त्याचा आकडा) मऊ काचेसाठी भट्टी 510 अंश सेल्सिअसच्या आसपास, बोरोसिलिकेटसाठी 565 च्या आसपास. नेमका आकडा काच बनवणारा देतो. शेवटचा मणी आत गेल्यावर अर्धा ते एक तास तेच तापमान धरायचं. मऊ काच मग तासाला साधारण 60 अंशांनी 370 पर्यंत उतरवायची आणि भट्टी बंद करून दार न उघडता गार होऊ द्यायची. मणी मोठे असतील तर सगळंच आणखी सावकाश. हे काम डिजिटल कंट्रोलरवर सोडा. रात्री उठून बटणं फिरवायची हौस दोन दिवसांत फिटते.

घेताना दोन गोष्टी पाहा. सळ्या आत सरकवता येतील असं लहान दार हवं, नाहीतर दर मण्याला अख्खी भट्टी उघडून उष्णता जाते. दुसरी अधिक महत्त्वाची: दार उघडल्याबरोबर तारांचा वीजपुरवठा तुटला पाहिजे. तुमच्या हातात स्टीलची सळी असते आणि आत उघड्या तारा. ती सोय नसेल तर ती बसवून घेतल्याशिवाय भट्टी वापरू नका. भट्टीला वीज स्वतंत्र लाइनवर घ्या. उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या डाव्या हातात सळी असते, म्हणून भट्टी डावीकडे सोयीची. मण्याची लाली पूर्ण उतरली की लगेच आत टाकायचा. लाल असताना टाकला तर टेकेल तिथे खळगा पडतो, रेंगाळलात तर चिरतो.

मणी उष्णता सोसणाऱ्या धाग्यांच्या गरम ब्लँकेटमध्ये किंवा व्हर्मिक्युलाइट या खनिजाच्या हलक्या दाण्यांमध्ये गार करून, साठवून, नंतर एकदम भट्टीत घालता येतात. सरावापुरतं ते ठीक. भट्टीतून न गेलेला मणी विकू नये, भेटही देऊ नये.

पारदर्शक मण्यातला ताण डोळ्यांनी पाहता येतो. ध्रुवीकरण करणाऱ्या दोन फिल्म एकमेकींवर काटकोनात धरा, म्हणजे मागचा दिवा जवळजवळ विझल्यासारखा दिसतो. मध्ये मणी धरा. नीट ॲनील झालेला मणी अंधारातच राहतो. ताण असेल तर भोकाभोवती किंवा ठिपक्यांच्या कडेने उजळ पट्टे दिसतात. अपारदर्शक काचेत ही युक्ती चालत नाही.

काचेबाबत सुरुवातीला एकच पथ्य: एका प्रसरणांकाची काच निवडायची आणि तिलाच धरून राहायचं. 104 आणि 90 दिसायला सारख्याच, पण एका मण्यात आल्या की कमीअधिक आकसतात आणि मणी फुटतो. म्हणून लेबल नसलेली कांडी मी टेबलावर येऊच देत नाही. घरातल्या बाटल्यांचे तुकडे रंगीत कांड्यांत मिसळायचा मोह तर टाळाच. पहिल्या खरेदीत पारदर्शक, पांढरा, काळा आणि दोन-तीन आवडते रंग पुरेत. फिरोजी घेतलात तर ज्योत शिकवायला तोच पुरे: त्यात तांबं असतं, आणि ऑक्सिजन कमी पडला की त्यावर लालसर-तपकिरी साय धरते. हस्तिदंती काचेवर फिरोजी ठिपका दिला तर कडेला आपोआप गडद रेघ उमटते. ती गंधक आणि तांब्याची करामत.

सळ्या स्टेनलेस स्टीलच्या, 2.4 मिलिमीटर जाडीच्या घेतल्या तर बहुतेक कामांना चालतात. मणी सळीला चिकटून बसू नये म्हणून तिला देतात तो लेप पूर्ण वाळू द्या, नाहीतर तो ज्योतीत सुटून मण्यासकट फिरतो. चिमटा, ग्राफाइटची पट्टी आणि टंगस्टनची टोकदार काडी एवढ्या हत्यारांवर बराच काळ निभतं.

भट्टीतून निघालेल्या मण्याच्या भोकात लेप शिल्लक असतो. तो कोरडा खरवडला की बारीक धूळ उडते आणि फुप्फुसात जाते. वाटीभर पाण्यात मणी बुडवून, पाण्याखालीच, हिऱ्याचा थर दिलेल्या काडीने भोक साफ करायचं. ते पाणी सिंकमध्ये ओतू नका. गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी काढून टाका आणि गाळ ओला असतानाच पिशवीत भरून कचऱ्यात टाका. टेबलही झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावं.